दोन शून्यं

पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी झाली की उचलून दाढेखाली धरायची. दाताला चिकटली तर पाक कच्चा. कट्कन तुटली तर ताबडतोब कढई उतरवायची, नाहीतर गूळ करपतो आणि चिक्की कडू होते. चिक्कीचं सगळं शास्त्र एवढंच आहे, आणि आमचे हे, म्हणजे रोहिदास वाळुंज, ते शास्त्र आपल्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत बाळगून होते. आमच्या लोणावळ्याच्या भट्टीत पाकाचं तापमान दाखवणारा फलक भिंतीवर होता. मुलानंच बसवला होता. हे त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. गोळी तुटली की थुंकायचे, कारण साखरेचा आजार, आणि ओरडायचे, "उतरवा!" मधुमेही माणसानं जन्मभर चिक्की करावी ही दैवानं केलेली थट्टाच. पण गावात पावलोपावली चिक्कीची दुकानं असताना माणसं आमच्याकडे यायची ती त्या दाढेमुळे, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्या दाढेनं कुरकुर सुरू केली ती थंडीत. आधी नुसतं गार पाणी झोंबायचं. पण पाणी गिळून झालं तरी कळ जायची नाही; हे तोंड वाकडं करून बसून राहायचे. मग पाण्याशिवायच, बसल्या जागी ठणका लागायला लागला. आडवं झालं की जास्त. उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोप काढायला लागले. लवंग तोंडातून काढायची, गोळी चावायची, परत लवंग धरायची, असा उद्योग दिवसभर.

"डॉक्टरकडं चला," मी म्हणायची.

"रविवारी शार्दूल येतोय ना. तो बघंल."

आमचा शार्दूल डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. पण त्या काळात डॉक्टरला विचारत होतं कोण? पुण्यातल्या ज्या कंपनीनं कळमापी काढला, तिथं शार्दूल मोठ्या हुद्द्यावर होता. कळमापी म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं यंत्र. लोक त्याला नुसतं 'काटा' म्हणायचे. दातावर लावला की त्याला जोडलेल्या छोट्या डब्यावर आकडा उमटायचा. रविवारी शार्दूलनं जेवणाच्या टेबलावर काटा मांडला आणि बापाला शिकवायला बसला.

"पप्पा, दाताच्या आत पोकळी असते. त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड किंवा तडा तिथवर पोचला की ती नस सुजते. अंगावर दुसरीकडं कुठं सूज आली तर कातडी ताणते, जागा करून देते. इथं चारी बाजूंनी भिंती. सुजेला जायला वाटच नाही, म्हणून ती नसेलाच दाबते. अशी दाबलेली नस विजेचे बारीक ठोके सोडते. काटा ते ठोके मोजतो. शून्यापासून शंभरापर्यंत."

"मग?"

"साठच्या वर गेलं तर नस वाचत नाही. तेव्हा रूट कॅनाल करायचा. म्हणजे आतली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची. दात राहतो. साठच्या आत असेल तर नस आपली आपण सावरते. उगाच दात पोखरायचा नाही."

मी विचारलं, "आणि दाताच्या बाहेर, हाडात दुखत असलं तर?"

"ते काटा गाळून टाकतो. आपण चावतो तेव्हा मुळाभोवती सारखे ठोके पडत असतात. तो गोंगाट. तोही मोजला तर फुटाणे खाणाऱ्या प्रत्येकाला रूट कॅनाल करावा लागेल." तो हसला. आम्हीही हसलो. पोरगं हुशार, याचं कौतुक कुठल्या आईबापाला नसतं?

काटा आल्यापासून सगळ्यांचीच सोय झाली होती, असं सगळे म्हणायचे. आरोग्य कार्डावर साठचा आकडा चढल्याशिवाय रूट कॅनालला मंजुरीच नव्हती. खासगी डॉक्टरलाही आकड्यावाचून दाताला हात लावता येत नसे. घाबरवून दात पोखरणाऱ्यांना चाप बसला, हे खरंच होतं. पण शाळेत पोरगं 'दात दुखतो' म्हणून रडलं की बाई आधी काटा लावायच्या, आणि आकडा लहान असला की त्याला वर्गात बसवायच्या. बायको कण्हली की नवरा तिच्याकडं न बघता काटा शोधायचा. तुला काय होतंय, हा प्रश्नच घरातून गेला.

काटा लावायच्या आधी हे फ्रीजकडं गेले आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरून उभे राहिले. गंमत अशी की सुरुवातीला गार पाण्यानं कळ यायची, आता चहानं यायची आणि गार पाण्यानं बरं वाटायचं. बाटली हातात घेऊनच फिरायचे. चूळ टाकून येऊन बसले, काटा लावला. एक्केचाळीस.

"बघा, साठच्या आत," शार्दूल म्हणाला. "होईल बरं."

पुढचे काही दिवस यांनी दात धरून काढले. मग एका सकाळी उठले ते शीळ घालतच. ठणका नाही, कळ नाही. चहा घटाघटा प्यायले. काटा लावला तर हिरवा दिवा आणि शून्य. लगेच शार्दूलला फोन.

"पोरा, शून्य आलं!"

"सांगितलं होतं ना, पप्पा? नस सावरते म्हणून."

त्या दिवशी दुकानात येईल त्याच्या हातावर यांनी चिक्कीचा तुकडा ठेवला आणि येईल त्याला सांगितलं, पोराच्या यंत्रानं डॉक्टरचं तोंड बघायची वेळ येऊ दिली नाही. मलाही बरं वाटलं. घरात माणूस कण्हायचा थांबला की बरं वाटतंच.

आठवडाभरानं मुंबईहून दरवर्षी येणाऱ्या एका बाईंनी चिक्कीचं खोकं परत आणून काउंटरवर ठेवलं. "वाळुंजवहिनी, ही चिक्की आहे का च्युइंगम? सासूबाईंची कवळी निघून आली हातात." मी तुकडा मोडून पाहिला. मोडला नाही, वाकला. दुसऱ्या कढईचा पाहिला, तोही तसाच. आमच्या भट्टीतून अशी चिक्की कधी बाहेर पडलेली मी पाहिली नव्हती.

आत गेले आणि दारात उभी राहून बघत राहिले. यांनी थेंब पाण्यात सोडला, गोळी उचलली, आणि डाव्या बाजूला धरली.

"डावीकडं का हो?"

"सवय बदलली."

"एवढ्या वर्षांची सवय एका आठवड्यात बदलली?"

यांनी गोळी थुंकली. मग हळूच म्हणाले, "उजवीकडं चावलं की तो दात उंच झाल्यागत लागतो. मुळातनं कळ जाती. एरवी काय नाय."

मी गाल बाजूला करून दाढेखाली बघितलं. हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढा फोड आला होता. कढई खाली ठेवायला लावली आणि त्यांना खांडगे मॅडमकडं घेऊन गेले.

डॉक्टर खांडगे म्हणजे गावातल्या जुन्या दातांच्या डॉक्टर. यंत्रं आल्यापासून त्यांच्याकडं कार्डावर आकडे चढवायचंच काम उरलं होतं. त्यांनी काट्याकडं बघितलंसुद्धा नाही. आधी सगळं विचारून घेतलं. गार लागल्यावर कळ लगेच जायची का रेंगाळायची? आपोआप ठणकायचं का? झोपेतून उठवायचं का? गरमानं वाढायचं आणि गारानं थांबायचं, असं कधी झालं? हे प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेले आणि मॅडमचा चेहरा उतरत गेला.

"रोहिदासभाऊ, यातलं एकेक लक्षण म्हणजे दात ओरडून सांगत होता, मला उघडा म्हणून."

मग त्यांनी बर्फगार कापसाचा बोळा आधी शेजारच्या दाताला लावला. हे दचकले. नंतर तोच बोळा त्या दाढेला लावला.

"काही वाटतंय?"

"काय नाय!" हे खुशीत म्हणाले.

"तेच तर वाईट आहे," मॅडम म्हणाल्या. "जिवंत दाताला गार कळतं. ही नस मेली आहे. मेलेली नस ओरडत नाही, निरोगी नसही ओरडत नाही. काट्याला दोन्हीकडं शून्यच दिसतं. तुमचं दुखणं थांबलं ते बरं झालं म्हणून नाही. आत मेलेलं कुजतंय आणि मुळातून हाडात उतरतंय. म्हणून चावताना दुखतं, म्हणून हा फोड. त्यात तुम्हाला साखर. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली आणि तिथून गळ्यात गेला तर श्वास कोंडतो. मी गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी हे भागणार नाही. रूट कॅनाल लगेच करायला हवा."

"मग करा ना," मी म्हटलं.

"आकडा शून्य आहे, वहिनी. आकडा चुकला म्हणून भाऊंच्या सहीनं हरकत घ्यावी लागेल. मी माझं मत जोडते. मंजुरी लवकर येईल."

हे खुर्चीतून उठले. "माझी सही? शार्दूलच्या यंत्राच्या विरोधात?"

कारण होतं. पुढच्या आठवड्यात पुण्यात मोठा कार्यक्रम होता. काटा राज्यातल्या प्रत्येक खेड्यातल्या आरोग्य केंद्रात द्यायचा की नाही ते तिथं ठरणार होतं, आणि काट्यानं बरा झालेला माणूस म्हणून शार्दूल यांनाच स्टेजवर बसवणार होता. ज्याच्या बापानंच हरकत घेतली, त्याच्या यंत्रावर कोण विश्वास ठेवणार?

"कार्यक्रम झाला की लगोलग येतो, मॅडम," हे म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ."

मॅडमनी हात जोडले. "भाऊ, चार दिवस थांबायची ही गोष्ट नाही." पण हे दार उघडून बाहेर पडले होते. रस्त्यात मी भांडले, रडले. हे सांगणार नसतील तर आपण सांगायचं, असं मी ठरवलं, आणि घरी आल्या आल्या शार्दूलला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला, पण कपाळाला आठी घेऊनच.

"आई, खांडगे मॅडमचा धंदा बसला. त्या असंच बोलणार."

"अरे, त्यांनी बर्फ लावला, तर यांना काही कळलं नाही."

तो क्षणभर थांबला. आता आठवतं, थांबला होता. मग काटा काढला आणि बापाच्या दाढेला लावला. हिरवा दिवा लागला.

"बघ. शून्य. पप्पांना काही झालेलं नाही."

"त्यांना उजवीकडं चावता येत नाही. चिक्की मऊ व्हायला लागली आपली!"

"म्हणून तर म्हणतो, फलकावर तापमान बघा. दातानं पाक बघायचे दिवस गेले, आई." बापाकडं वळून त्यानं विचारलं, "पप्पा, दुखतंय का तुम्हाला?"

मी यांच्याकडं बघत होते. डोळ्यांनी विनवत होते की आता तरी सांगा.

"दुखत नाय रे," हे म्हणाले. "तुझ्या आईला घोर लावून घ्यायची खोडच आहे."

यांचा मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही. पोराचं नाव मोठं व्हावं म्हणून बाप काय काय सोसतो, याच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. तो सोसणारा बाप आपल्या घरातला असला की कळतं, कौतुक कसलं त्यात.

कार्यक्रमाच्या दिवशी यांनी गळ्याला मफलर गुंडाळला. दुपारची वेळ, सभागृह गच्च. मी म्हटलं, "उकडतंय, काढा तो." काढेनात. शार्दूलनं स्टेजवर बोलावलं, 'माझे वडील, चिक्कीचे व्यापारी' अशी ओळख करून दिली आणि सगळ्यांदेखत दाढेला काटा लावला. भिंतीएवढ्या पडद्यावर हिरवं शून्य उमटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. हे हसले, पण अर्ध्याच तोंडानं. पहिल्या रांगेतून मला मफलरच्या वर उजवा जबडा कानापर्यंत सुजलेला दिसत होता. स्टेजवर यांच्यापासून चार हातांवर उभा असलेला शार्दूल पडद्याकडं बघत होता.

तो पाहुण्यांबरोबर जेवायला थांबला. आम्ही घरी निघालो. गाडी आपली आपण चालत होती. निम्म्या वाटेवर माझं लक्ष गेलं, यांना थुंकी गिळता येत नव्हती. मफलर सोडला तर हनुवटीखालचा सगळा भाग दगडासारखा कडक आणि तापलेला. जीभ वर उचलून टाळूला लागलेली. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज.

"कार्यक्रम... चांगला झाला," हे म्हणाले.

मी गाडीला ओरडून जवळच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. दारातल्या मुलीनं विचारलं, काय दुखतंय? मी सांगितलं, दात. तिनं काटा लावला. "शून्य आहे, काकू. हिरव्या रांगेत बसा." मी तिचा हात धरून यांच्या गळ्यावर ठेवला. चटका बसल्यासारखा तिनं तो मागं घेतला आणि डॉक्टरला बोलवायला धावली. डॉक्टरांनी खूप धडपड केली, त्यांना मी दोष देत नाही. पण गळा आतून बंद होत आला होता. दिवेलागणीला आमचे हे गेले. मृत्यूचं कारण म्हणून डॉक्टरांनी जे लिहिलं, त्यात कुठलाही आकडा नव्हता. एक किडकी दाढ होती.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. भट्टी बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मी कढई चढवली. शार्दूल भट्टीच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"आई, आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"दोन शून्यं असतात ते. आमच्यातल्या एका मुलीनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. शून्य आलं की दाताला गार लावून परत बघायचं. नस जिवंत असली तर काटा हलेल, मेलेली असली तर नाही हलणार. पण मग प्रत्येक माणसामागं वेळ जातो, घरी वापरायला किचकट होतं. म्हणून ठरलं, पुढच्या यंत्रात घालू."

"कुणी ठरवलं?"

"मी."

पाकाला बुडबुडे यायला लागले होते. मी ढवळत राहिले.

"मग त्या दिवशी मी तुला बर्फाचं सांगितलं तेव्हा?"

"आलं होतं मनात. पण पप्पा स्वतःच म्हणाले ना, दुखत नाही म्हणून. आणि कार्यक्रम तोंडावर होता." तो एकदम रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, आवाज करून. "आई, मला सहन होत नाही गं. झोप लागत नाही. घास उतरत नाही. खूप दुखतंय मला."

माझ्या पोटचा पोर. आतून मी तुटत होते, खोटं कशाला सांगू? त्याचं डोकं मांडीवर घ्यावं असंच वाटत होतं. मी ढवळणं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि यांच्या साखर तपासायच्या सामानाशेजारी पडलेला काटा घेऊन आले.

"तोंड उघड," मी म्हटलं.

त्यानं निमूटपणे उघडलं. का ते त्याला कळलं नसावं. मी त्याच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेवर काटा लावला. हिरवा दिवा लागला. मी तो आकडा त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ. शून्य," मी म्हटलं. "तुला काही झालेलं नाही."

तो तसाच तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत राहिला. मी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला आणि गोळी दाढेखाली धरली.